गाइडला मेल कुणी लिहायचा?

तुमची मुलगी एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ऑपरेटर्सच्या (म्हणजे एका फलनातून दुसरं फलन काढणाऱ्या क्रियांच्या) स्पेक्ट्रल थिअरीत पीएच.डी. करायची आहे आणि तुम्हाला ती डेटा सायन्समध्ये हवी आहे. फंक्शनल अ‍ॅनालिसिसमध्ये ५८ गुण पडले, म्हणून तुमची झोप उडालीय. माझी उडाली ती तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींनी. तिला न सांगता, तिच्याच नावाने तुम्ही पीएच.डी.च्या गाइडला ‘आता इच्छा नाही’ असं कळवून टाकलंत. ही काळजी नव्हे, फसवणूक आहे. तो मेल आजच तिला दाखवा. गाइडला काय कळवायचं ते तीच कळवेल. तुम्ही मध्ये पडू नका. सज्ञान मुलीचा निर्णय परस्पर फिरवला, तर उद्या ती तुम्हाला काही सांगायचीच थांबेल.

‘आयगनव्हॅल्यू आता कॉम्प्युटरच काढतो, मग यात उरलं काय?’ असं तुम्ही विचारता. आयगनव्हॅल्यू म्हणजे अशी संख्या, की एखाद्या फलनावर ऑपरेटर चालवला तर तेच फलन त्या संख्येच्या पटीत परत मिळतं. मॅट्रिक्सपुरतं तुमचं म्हणणं ठीक. पण ‘उणे दुसरा डेरिव्हेटिव्ह’ हा साधा ऑपरेटर घ्या. ० ते π या तुकड्यावर, दोन्ही टोकांना फलन शून्य ठेवलं, तर आयगनव्हॅल्यू १, ४, ९, १६ अशा सुट्या मिळतात. तोच ऑपरेटर ० पासून अनंतापर्यंत घेतला की एकही उरत नाही. शून्यापासून पुढची अख्खी रेघ स्पेक्ट्रम (आयगनव्हॅल्यूंना सामावून घेणारा व्यापक संच) होते. कॉम्प्युटरने रेघ कितीही लांब जाऊन कापली, तरी हाती सुटे ठिपकेच येणार. इथे गणितज्ञ हर्मन वाइल यांनी १९१० मध्ये घालून दिलेली वाट कामी येते. त्यांचं एम-फंक्शन (अनंताकडे विरत जाणाऱ्या उत्तराचा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह भागिले किंमत) कॉम्प्लेक्स प्रतलात वरच्या बाजूने वास्तव अक्षापर्यंत न्यायचं आणि सीमेवरच्या किमतीचा काल्पनिक भाग बघायचा. या उदाहरणात ऋण बाजूला तो शून्य येतो आणि धन बाजूला λ चं, म्हणजे अक्षावरच्या त्या संख्येचं, वर्गमूळ. त्याला π ने भागलं की स्पेक्ट्रमची घनता मिळते. हायड्रोजन अणूत तर दोन्ही प्रकार एकत्र भेटतात: बांधलेल्या इलेक्ट्रॉनचे सुटे ऊर्जास्तर आणि मोकळ्या झालेल्याची सलग ऊर्जा.

पीएच.डी.कडे नेणाऱ्या नेट, गेट, एनबीएचएम या परीक्षांचे रस्ते तिला ठाऊक असतील.

तिच्यासाठीही स्पष्टच सांगते. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं सहज जातात आणि पुढे कायमच्या जागा मोजक्याच असतात. ५८ गुणांपेक्षा मला एवढं बघायचंय: वरचं उदाहरण तिने स्वतः कागदावर सोडवावं. मग शून्यापाशी ‘डेरिव्हेटिव्ह म्हणजे फलनाची h पट’ अशी अट घालावी, h ऋण घेऊन. लगेच −h² ला एक आयगनव्हॅल्यू उगवते. ती एम-फंक्शनमध्ये कुठे दिसते, हे शोधताना ती रमली तर विषय तिचा आहे. कंटाळली तर डेटा सायन्सही चांगलंच, पण ते तिने ठरवायचं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या स्वतःच्या मेलवरून.