आधी सांग, बादली कोण उचलणार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन वाजला आणि मी आधी चपला शोधल्या. म्हटलं, कळा सुरू झाल्या. तर तू विचारतोस, "सिस्टरमावशी, लंगोट की डायपर?" मागून तुझी आई सांगत होती की डायपरने पोराचे पाय फाकतात. तुझ्या बायकोचा आवाज काही आला नाही. मी तेव्हा काहीही बोलले असते तरी ते कुणाच्या तरी पारड्यात पडलं असतं, म्हणून "लिहून कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता तुला उलटा प्रश्न. तुमच्याकडे लंगोट धुणार कोण? दुपारचे नव्हेत. रात्री तीन वाजता बादलीत पडलेले, सकाळी पाणी आल्या आल्या कोण धुणार? हे आधी ठरव, मग पुढचं वाच.

३६ वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात काढली मी. "आमच्या घरात कापडच वापरतात" असं ठणकावून सांगणारं माणूस आणि बाळंतिणीच्या पायथ्याशी वाकून ओली दुपटी गोळा करणारं माणूस, ही दोन्ही एकच निघाली असं फार थोड्या वेळा पाहिलं.

आमच्या घरचंच सांगते. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० फुटांची खोली, मोरी आत, संडास मजल्यावर सामाईक. आमचा मोठा १९८२ साली झाला. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालेला, हे घरी. माझी रजा संपली, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि लंगोटांचा ढीग कुणाची वाट बघतोय? पहिले काही दिवस यांनी दार लावून मोरीत धुतले. वाळत घालायची वेळ आली की बाहेर मला पाठवायचे, मी नाइट करून आलेली असले तरी. मग एके दिवशी मी ड्यूटीवरून परत येते तर बाहेरच्या दोरीवर वीसेक लंगोट ओळीने, आणि हे खाली बाकावर बसून शेजाऱ्यांशी संपाच्या गप्पा मारतायत. कुणी चेष्टा केली की नाही ते मला कधी सांगितलं नाही. डायपर हा शब्द तेव्हा आमच्या मजल्यावर कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे वाद घालायलाही काही नव्हतं.

तुम्हाला निवड आहे. तर ऐक.

घरी आल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस मी कापडाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण मोजणी. पहिल्या दिवशी बाळ एखाद-दोनदा शू करतं, दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा, असं वाढत जातं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. आईचं दूध पुरतंय की नाही हे घरबसल्या कळायचा याहून सोपा मार्ग नाही. लंगोट भिजला की दिसतो. डायपरमध्ये दोनदा झाली की चारदा, पत्ता लागत नाही. बायका तपासणीला यायच्या, मी विचारायची "शू किती वेळा?" आणि सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. अगदी डायपरच घातलं तर आत कापसाचा छोटा तुकडा ठेवा, तो ओला झालेला कळतो. सुरुवातीला एखाद्या वेळी कापडावर विटकरी रंगाचा डाग दिसेल. तुझी आई रक्त म्हणून घाबरेल. बहुतेक वेळा ते लघवीतले क्षार असतात. पण चार-पाच दिवसांनंतरही तसेच डाग पडत राहिले तर दूध कमी पडतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. तो लंगोट धूत बसू नकोस, टाकून दे. जुन्या धोतराचा एवढा फायदा घ्यायलाच हवा.

आता पावसाचं गणित. तारीख जूनअखेरची दिलीय. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, वर दुपटी वेगळी. मे महिन्यात आपल्या मुंबईत लंगोट दोन तासांत कडकडीत वाळतो. जुलैत तोच दोन दिवस दोरीवर लोंबतो आणि काढल्यावर कुबट वास मारतो. म्हणजे एक दिवसाचे अंगावर, दोन दिवसांचे दोरीवर, १२ गुणिले ३, छत्तीस लंगोट हवेत. तुझी आई बारा शिवून बसलीय, मला माहीत आहे. तुम्ही भांडुपला चौदाव्या मजल्यावर, सोसायटी खिडकीबाहेर कपडे घालू देत नाही. छताला कप्पीची दांडी आहे का? नसेल तर आजच लावून घे, पंख्याखाली. मशीनमध्ये लंगोट दोनदा पिळून काढायचे, वाळवायचे, आणि दमट राहिलेच तर इस्त्री फिरवायची. शेगडीवर टोपली पालथी घालून धुरावर वाळवायची पद्धत होती, ती करू नका. धूर बाळाच्या छातीला वाईट. तिन्हीसांजेच्या आत बाळाचे कपडे घरात घ्यायचे, असं आई सांगेल ते मात्र ऐक. दव पडलेला लंगोट कुणालाही नको असतो.

धुण्यात फार शास्त्र नाही. शी संडासात, मग आधी गार पाण्यात खळबळून, मग गरम पाण्यात साबण लावून. साबण थोडा, खळबळणं भरपूर. साबण राहिला तर कातडी लाल होते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव घालू नका, त्याने कापडाचं पाणी शोषणंच कमी होतं. जंतुनाशकाचं झाकणभर ओतायची सवयही नको. पिवळे डाग राहिले तर ऊन काढतं. ऊन नसेल त्या महिन्यात डागांसकट चालवून घ्यायचं.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेव. जुनी धोतरं, लुगडी ट्रंकेतून निघतील, आणि ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, ते वरून दिसत नाही. अशा बाळाला त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कापडात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. म्हणून ट्रंकेतलं कापड घ्यायचं तर वास पूर्ण जाईपर्यंत धुवायचं आणि दोन-तीन उन्हं द्यायची. म्हणजे हे काम मेमध्येच उरकायचं. बाळाचे धुतलेले कपडे ठेवायच्या कपाटातही गोळी नको.

डायपरचं सांगते. मी त्याच्या विरोधात नाही. रात्री घालाच. रात्रीतून पाच वेळा लंगोट बदलणारी बाळंतीण आठवड्याभरात कशी दिसते ते मी पाहिलंय. आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची पूड असते, ती पाणी धरून जेली बनते, म्हणून वरचा भाग कोरडा लागतो. जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात, त्यावर फार विश्वास ठेवू नकोस. लघवीत मीठ असतं, आणि मिठाच्या पाण्यात ती पूड साध्या पाण्यापेक्षा बरीच कमी शोषते. हे आमच्या घरात एकदा भलत्याच प्रकारे सिद्ध झालं. जावयाने नातवाच्या कपड्यांबरोबर भरलेलं डायपर मशीनमध्ये फिरवलं. सगळ्या कपड्यांवर साबुदाण्याची खीर! मूठभर मीठ टाकून पुन्हा फिरवलं तेव्हा ती जेली पाणी सोडून बसली. मुलीने नवऱ्याला चार दिवस ऐकवलं, पण मला तो माणूस त्या दिवसापासून जास्त आवडतो. मशीन त्याने लावलं होतं ना?

दिवसा डायपर घातलं तर तीन-चार तासांत बदला, फुगलं नसलं तरी. शी झाली तर लगेच. पुढे पिवळी रेघ असते, ओली झाली की निळसर होते. बेंबीची नाळ पडेपर्यंत पुढची कड खाली दुमडायची, नाळेला हवा लागली पाहिजे. आणि आईला हळूच सांग, पाय फाकतात ते चांगलंच. तान्ह्याचे पाय बेडकासारखे दुमडलेले, बाहेर वळलेलेच असायला हवेत, खुब्याचा सांधा त्यातच नीट बसतो. पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट आवळणं, हेच खुब्याला वाईट. लंगोटही दोन बोटं जातील इतकाच बांधायचा.

पैशांचं म्हणशील तर एक डायपर दहा रुपये धर. दिवसाला आठ, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. फक्त रात्रीचं एक आणि बाहेर जाताना एक धरलंस तर ६००. ट्रेनने दहिसरला सासुरवाडीला जाशील तेव्हा डायपरच घाल, लोकलच्या गर्दीत लंगोट बदलायचा पराक्रम करू नकोस. बटणांचे, आत पॅड घालायचे नवे कापडी डायपर मिळतात, तुझ्या बायकोने मला फोटो पाठवला होता. चांगले असतात. पण पॅड जाड, पावसात वाळायला लंगोटापेक्षा जास्त वेळ घेतं, आणि पहिल्या तीन-चार धुण्यांपर्यंत नीट शोषत नाही. दोन-तीनच घे. ऑक्टोबरात ऊन पडलं की हवे तर वाढव.

पुरळ दोन्हीत येतं. ओलं ठेवलं की कातडी बोलते. साध्या पाण्याने पुसायचं, टिपून कोरडं करायचं, दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली. पावडर नको, ती श्वासात जाते. मुलगी झाली तर पुसताना पुढून मागे. लाली जांघेच्या घडीत शिरली आणि कडेने बारीक लाल ठिपके दिसले तर ती बुरशी. त्याला वेगळं औषध लागतं. औषधवाल्याकडून "सगळ्यावर चालणारी" ट्यूब आणू नकोस. तसल्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग कातडी पातळ होते.

कचऱ्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या घरातून निघालेलं डायपर शेवटी कुणाच्या तरी हातात जातं. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. तिथे आणि त्याआधी तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ओला-सुका वेगळा करणाऱ्या बाया असतात. घनकचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की डायपर नीट गुंडाळून द्यायचं. शी आधी संडासात टाक, डायपर गोल गुंडाळून चिकटपट्टीने बंद कर, वर्तमानपत्रात बांध. महापालिकेने २०२५ पासून असा कचरा वेगळा उचलायची सोय केलीय, सोसायटीने नोंदणी करावी लागते. तुमच्या सेक्रेटरीला विचार. नसेल केली तर तूच मागे लाग, तेवढंच बाप झाल्याचं पहिलं काम.

ऑफिसातल्या कुणीतरी तुला सांगितलंय की कापडाला पाणी-वीज इतकी लागते की डायपरच निसर्गाला बरं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २००८ साली हिशेब मांडला होता. अडीच वर्षांच्या वापरात दोन्हींचा कार्बनचा आकडा जवळपास सारखा आला. पण त्याच अहवालात आहे की मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर कापड बरंच पुढे जातं. दोरीवर वाळवायला आपल्याला कुणी शिकवायला नको. तुमच्याकडे लंगोट मशीन भरेपर्यंत साठवायचे असतील तर झाकणाची बादली घे, आणि दुसरा दिवस उलटू देऊ नकोस, वासाने खालचा मजला वर येईल.

तर तुमच्यासाठी मला सुचतं ते असं. दिवसा लंगोट, रात्री नऊनंतर डायपर, दारी-बाजारी डायपर. जुलैत सलग चार दिवस ऊन नाही पडलं आणि दांडीवर जागा उरली नाही तर दिवसाही डायपर, आणि त्याबद्दल घरात कुणी कुणाला टोमणा मारायचा नाही. हे आईला तू सांगायचं, बायकोने नाही. पहाटेची बादली तुझी. पाणी सहाला येतं, तू साडेआठला निघतोस, वेळ पुरतो, मी मोजलाय. आईने घड्या घालाव्यात आणि मालिश करावी, त्यांचा हात चांगला आहे. सकाळी दूध पिऊन झालं की बाळाला पायांवर धरून शी करवायची जुनी रीतही त्यांच्याकडून शिकून घे. बाळाने मान धरली की जमतं, आणि त्या एका वेळचा लंगोट वाचतो. बायकोने पहिले चाळीस दिवस फक्त पाजायचं आणि झोपायचं.

आमच्या यांची सहा धोतरं आहेत. गेल्या महिन्यात बोहारीण दोन स्टीलचे डबे द्यायला तयार होती, मी दिली नाहीत. तीनदा धुतलीत, गच्चीवर चार उन्हं दिलीत, नाक लावून बघितलंय, डांबरगोळीचा मागमूस नाही. एका धोतराचे आठ-दहा लंगोट सहज निघतील. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. कात्री आण, माझी बोथट झालीय, आणि कापायचं काम बसून तूच करायचंस. नाड्या मी शिवून देईन.

तुझी,
सिस्टरमावशी