तडजोड करायची की लढायचं?

विधी विभागात नवीन आहात म्हणून सांगतो. दावा आला की सगळे आधी विचारतात, 'आपली चूक आहे का?' तडजोडीचा निर्णय एवढ्यावरच ठरत नाही. हरण्याची शक्यता किती, हरलो तर रक्कम किती, वकिलांची फी किती, साक्षीपुराव्यात आपल्या माणसांचा किती वेळ जाणार, हे कागदावर मांडा. जिंकलं तरी खर्च पूर्ण परत मिळेलच असं नाही.

मग जुन्या तक्रारींची फाइल मागवा. खरी मेख तिथेच असते. मॅकडोनाल्ड्सचा गरम कॉफीचा खटला घ्या. भाजलेल्या वृद्ध महिलेने आधी सुमारे २०,००० डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. खटल्यात उघड झालं की भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या! १९९४ मध्ये ज्युरीने नुकसानभरपाईखेरीज २७ लाख डॉलरची दंडात्मक भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी ती ४,८०,००० वर आणली आणि शेवटी तडजोडच झाली, तीही गुप्त.

विमा असेल तर विमा कंपनीच्या संमतीशिवाय समोरच्याला आकडा सांगू नका, संरक्षण जाऊ शकतं. तडजोडीच्या करारात 'जबाबदारी मान्य नाही' हे वाक्य हवंच.

फुटकळ दावे मात्र सरसकट मिटवू नका. पैसे सहज सुटतात हे कळलं की तसलेच आणखी येतात. पण दोष वस्तूतच असेल, तर पैसे देण्याबरोबरच उत्पादन विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा.