रेस वाढलेली जुनी गाडी दुरुस्त करू की १२ लाखांचं लोन काढू?

दादा, गाडी १३ वर्षांची, पिंपळगाव बसवंतहून वाशीला टोमॅटो नेता, स्लो रनिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आरपीएमचा काटा ११०० च्या खाली येत नाही, मेकॅनिक म्हणतो इंजिनला डिझेल देणारा पंप खोलायचा ३० हजार आणि शोरूमवाला म्हणतो जुनी २ लाखात द्या, १२ लाखांचं लोन घ्या, ५ वर्षं, ११ टक्के. तुमचा कल नव्या गाडीकडे दिसतोय, पण आत्ता सही करू नका.

हिशोब तुमच्याच आकड्यांवर. ईएमआय साधारण २६,१०० येतो, म्हणजे ५ वर्षात व्याजच साडेतीन लाखांच्या वर. आज महिन्याला हातात ३५ हजार राहतात. तुम्ही महिन्याला ४,००० किमी चालवता, ॲव्हरेज ८ चं १० झालं तर १०० लिटर वाचेल, ९० रुपये धरून ९ हजार, मेंटेनन्सचे आणखी ४ हजार धरू. झाले ४८ हजार, त्यातून हप्ता गेला की २२ उरतात आणि घरखर्च तुम्हीच २४ लिहिलाय! हे सीझन चांगला असताना, भाव पडून गाडी उभी राहिली तर काय? शिवाय जूनमध्ये मुलीची डिप्लोमाची फी आहे, त्यासाठी ठेवलेल्या १ लाख ९० हजारांना डाउन पेमेंटसाठी हात लावायचा नाही.

व्याजाची टॅक्समध्ये सूट मिळेल असं शोरूमवाल्याने सांगितलंय, पण तुम्ही ४४एई खाली, म्हणजे मालवाहू गाडीवाल्यांच्या ठरावीक नफ्याच्या कलमाखाली रिटर्न भरता, तुमच्या वजनाच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये नफा धरला जातो आणि व्याज किंवा घसारा वेगळा वजा होतच नाही.

आता मुख्य गोष्ट, रेस का वाढली हे अजून कोणी बघितलेलंच नाही. तुमचा पंप जुना मेकॅनिकल आहे, त्यामुळे आधी मेकॅनिकला पंपाच्या लिव्हरवरची ॲक्सिलरेटर केबल काढायला लावा आणि इंजिन चालू असताना लिव्हर हाताने मागे दाबून बघायला सांगा, स्टॉपरला टेकल्यावर रेस उतरली तर केबल अडकतेय किंवा रिटर्न स्प्रिंग ढिली पडलीय, काम काहीशे रुपयांचं. नाही उतरली तर स्लो रनिंगचा स्क्रू बघा, बऱ्याचदा इंजिन थरथरतं म्हणून कोणीतरी तो आवळून ठेवतं आणि मग खरा आजार डिझेल फवारणाऱ्या नोझलचा किंवा कॉम्प्रेशनचा निघतो. तेही नसेल तरच गव्हर्नर, म्हणजे पंपातला रेस आवरणारा भाग, त्यासाठी पंप काढून पंपवाल्याकडे चाचणीच्या बेंचवर लावायचा.

एक मात्र गंभीरपणे घ्या. पाय न लावता रेस आपोआप चढत गेली, धूर निळा येत असेल, ऑइल कमी होत असेल तर इंजिन ऑइल ओढतंय, अशी गाडी कसारा घाटात अजिबात नेऊ नका, किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही अशा वेळी.

माझी मर्यादा सांगतो. ३०-३५ हजारात गाडी नीट होत असेल तर करा, तो एका महिन्याच्या कमाईएवढा खर्च आहे आणि विकायची झाली तरी भाव बरा येईल. पण इंजिनचं काम निघून आकडा लाखाच्या पुढे गेला तर त्यात पैसे घालू नका, कारण गाडी जुनी होईल तशी आरटीओच्या फिटनेसची फीही जास्त लागते, जुन्या गाड्यांना ती २०२२ पासून बरीच वाढलीय. तसं झालं तर तीन-चार वर्षं जुनी गाडी बघू, ५-६ लाखांच्या लोनमध्ये बसणारी. केबल काढून बघितल्यावर काय झालं ते आणि मागच्या तीन महिन्यांची डिझेलची बिलं पाठवा, मग ॲव्हरेज खरंच ८ आहे का तेही कळेल.