नोटीस मलाच का?

प्रश्न : माझा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. कढईवरच्या दिव्याला आच्छादन नाही, कामगारांच्या डोक्यावर टोप्या नाहीत, म्हणून मला नोटीस मिळाली. शेजाऱ्याला मात्र तोंडी समज देऊन सोडले. हा अन्याय नाही का?

उत्तर : अधिकाऱ्याला तारतम्य वापरण्याची मुभा आहे, मात्र ती मनमानीची नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 32 नुसार सुधारणा नोटिशीत त्रुटी, कारणे आणि उपाय नमूद करून किमान 14 दिवसांची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत पूर्तता झाली नाही तरच परवाना निलंबित होऊ शकतो, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी कारणे लेखी नोंदवून तो तत्काळही निलंबित करता येतो. दंड ठरवताना मिळालेला गैरफायदा, चुकीची पुनरावृत्ती आणि ती अजाणतेपणी झाली का, हे पाहण्याचे बंधन कलम 49 घालते. शेजारी सुटला, हा तुमचा बचाव ठरत नाही (कटू असले तरी खरे!). दिव्याला आच्छादन बसवा, टोप्यांच्या खरेदीची पावती जपा आणि छायाचित्रांसह पूर्ततेचा अहवाल देऊन पोच घ्या. नोटीसच अमान्य असेल, तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते. त्याची मुदत 15 दिवस किंवा नोटिशीतील कालावधी, यांपैकी जी आधी संपेल ती.