जबानी कोणाची, भाषा कोणाची?

प्रश्न: मी मानववंशशास्त्रात पीएचडी करते. माझ्या अभ्यासातला समाज शंभर वर्षांपूर्वीच पांगला. हाताशी आहेत त्या अभिलेखागारातल्या खटल्यांच्या जबान्या. 'हा इतिहास झाला, एथ्नोग्राफी (लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास) कुठे आहे?' असं म्हणून समितीतल्या एका बाईंनी विषय परत पाठवला. काय करू?

उत्तर: बाईंची शंका रास्त आहे, तरी विषय सोडू नका. मात्र तुमच्या फील्डवर, म्हणजे या जबान्यांत, आणखी दोघं बसलेत: प्रश्न विचारणारा अधिकारी आणि लिहून घेणारा कारकून. आधी त्यांची ओळख करून घ्या.

मी ती घेतली नव्हती. 'मला याबाबत काही सांगणे नाही' असं बाया जबानीत एकजात म्हणतात, एवढ्यावर मी त्यांच्या मौनाविषयी अख्खं प्रकरण रचलं. पुढे भलत्याच खटल्याचं बाड उघडलं, तर तिथला गुरं चोरणाराही त्याच शब्दांत गप्प! अक्षर निरखलं. ओळीच्या शेवटी शेपटी ओढायची तीच खोड. मौन कारकुनाचं होतं. (तोवर त्यावर परिषदेत निबंध वाचूनही झाला होता. असो.)

फ्रान्समधल्या पामिएचा बिशप जाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंड्यांची चौकशी केली. गावकरी ऑक्सितान ही तिथली भाषा बोलले, दप्तरात उतरली लॅटिन. त्याच दप्तरातून इतिहासकार इमान्युएल ल रॉय लाद्युरी यांनी आपल्या पुस्तकात १९७५मध्ये मोंतायू हे अख्खं गाव उभं केलं, घरातल्या कुजबुजीपासून मेंढपाळांच्या वाटांपर्यंत. मग रेनातो रोझाल्दो या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना धारेवर धरलं: चौकशीच्या धाकाखाली वदवून घेतलेलं बोलणं म्हणजे मोकळ्या गप्पा कशा? मला दोघंही पटतात.

तेव्हा वाचनकक्षातही फील्डसारखी टिपणवही ठेवा. खोडलेला शब्द, समासातला शेरा, शाई कुठे बदलली, कागद कोणाच्या सोयीसाठी जपला, सगळं टिपा. नुसते फोटो काढून घरी वाचू म्हणाल, तर पाठकोऱ्या बाजूवरची आकडेमोड हमखास सुटते.

आणि साक्षीदार विचारल्यापलीकडे कुठे जातो, तिथे थांबा. चोरीच्या रात्री कुठे होतीस, एवढंच एकीला विचारलं होतं. तिने सांगितलं, की जावेच्या लेकराला ताप होता, म्हणून अबोला मोडून मी तिच्या दारात गेले. अधिकाऱ्याला त्या अबोल्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण कारकुनाने तो लिहून ठेवला. समितीपुढे आधी अशी पानं ठेवा.