दीड महिन्याने घरी परतले. कुंड्या सुकल्या, कसुतीची साडी अर्धवट. सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मेच्या मध्याला मुलीकडून पुण्याला परत आलात, शेजारच्यांनी पाणी घालूनही गच्चीवरच्या निम्म्या कुंड्या वाळल्या आहेत, आणि साडी उघडली तर कसुती (धारवाडकडचं, धागे मोजून करायचं भरतकाम) कुठवर आली होती तेच कळेना. माझं माहेर धारवाडचं, सासर कोल्हापूरचं. कुंड्या आणि सुई दोन्ही रोजच्याच, आणि उन्हाळ्यात मीही गावाला जाते. त्यामुळे अगदी ठामपणे सांगते: पहिला आठवडा काही उपटू नका आणि काही उसवू नका.

बागेत आधी पाणी बघा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली माती एकदा कडक वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं. ताटली भरलेली दिसते, मुळं मात्र कोरडीच. शेजारच्यांनी मनापासून पाणी घातलं असेल, तरी झाडापर्यंत पोचलं नसेल. छोट्या कुंड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि बुडबुडे यायचे थांबले की काढून निथळू द्या. मोठ्या कुंड्यांत लोकरीच्या जुन्या सुईने खोल भोकं पाडा आणि थोडं थोडं पाणी दोन-तीन वेळा घाला. आठवडाभर त्या सावलीत राहू द्या. खत अजिबात नको. तहानलेल्या मुळांना खत सोसत नाही, नवी पालवी फुटली की मग द्या.

फांदी मेली की जिवंत आहे हे नखाने कळतं. साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा. मोगरा आणि कढीपत्ता पानं गाळून अगदी काटक्यांसारखे दिसतात आणि पुन्हा फुटतात. पुदिना वरून गेला तरी मातीत त्याचे धुमारे असतात. तुळस मात्र पूर्ण वाळली असेल तर तिची आशा धरू नका. वाळक्या मंजिऱ्या हातावर चोळून बी काढा, ओल्या मातीवर भुरभुरा, वरून जाड थर घालू नका. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसत असेल तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून उन्हं उतरल्यावर फवारा. हे एक काम मात्र आठवडाभर लांबवू नका, शेजारच्या कुंड्यांत पसरतं. कुंड्या बदलायचं काम पाऊस सुरू होईपर्यंत राहू द्या.

आता कसुती. माझा जीव खरा यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कसुतीत कापडावर नक्षी छापलेली नसते. सगळं कापडाचे धागे मोजून. गवंती नावाच्या टाक्यात तर सुई जाताना एक आड एक टाका घालत जाते आणि त्याच वाटेने परतताना मधल्या रिकाम्या जागा भरते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. काम मध्येच थांबलं की घोटाळा इथेच होतो. दोरा जिथे लोंबतोय तिथून झालेल्या कामावर मागे बोट फिरवा. टाका, रिकामी जागा, टाका असं लागलं तर तुम्ही जाण्याच्या फेऱ्यात आहात. सलग रेघ लागली तर परतीच्या. तेवढं कळलं की शेवटचं पूर्ण झालेलं गोपुर किंवा तुळशीवृंदावन समोर ठेवून धागे मोजा, बाकीचं आपोआप आठवतं.

तरीही पहिल्या दिवशी साडीवर टाका घालू नका. तशाच विणीच्या तुकड्यावर मुरगीची, म्हणजे पायऱ्यांसारख्या नागमोडी टाक्याची, एक ओळ काढा. खंड पडला की हाताची ओढ बदलते, टाके आवळले जातात आणि कापड चुण्या घेतं. स्वेटर विणतानाही हेच होतं, सुट्टीनंतरची ओळ अंगावर वेगळी उठून दिसते. कापड ताणून धरणारी रिंग लावूनच ठेवली होती का? असेल तर आधी काढा. सुती कापड असेल तर वळ पडलेल्या जागी किंचित ओलावा देऊन, खाली टॉवेल घालून उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. रेशमावर पाणी शिंपडायच्या आधी कोपऱ्यात करून बघा, डाग उठतात. सुई कापडात टोचलेली राहिली असेल तर गंज बघा आणि यापुढे नवी सुई घ्या. दोरा संपत आला असेल तर दुकानात नुसता नंबर सांगू नका, दोऱ्याचा तुकडाही न्या. एकाच नंबरच्या दोन लडींत छटा थोडी वेगळी निघू शकते.

दोन्ही छंद एका दिवसात बसवायचे तर क्रम महत्त्वाचा. मातीने बोटांची टोकं खरखरीत होतात आणि रेशमी दोरा त्यात अडकून त्याचे पदर सुटतात. म्हणून सकाळी फक्त पाणी, दहा-अकराच्या सुमारास खिडकीच्या उजेडात कसुती, आणि माती उकरायचं काम संध्याकाळी. रात्री साखर आणि खोबरेल बोटांना चोळून साबणाने धुऊन टाका, म्हणजे सकाळी तेलाचा डाग पडणार नाही.

साडी इरकल आहे की दुसरी कुठली, आणि दोरा कुठल्या टाक्यात अडलाय, ते खाली लिहा. गवंती सोडून नेगी (साधा धावदोरा) किंवा मेंथी (फुलीचा टाका) असेल तर मोजणी वेगळ्या तऱ्हेने धरावी लागेल, ती सांगते.