लष्करी लिलावातल्या जुन्या जीपमधून ४० च्या पुढे घूं-घूं आवाज येतो, मिस्त्री गिअरबॉक्स खोलू म्हणतो. खोलू द्यावा का?

इतक्यात नको. आधी एक रविवार सकाळ स्वतः घालवा, मग ठरवा.

तुम्ही लिहिलंय की ताशी ४० च्या पुढे खालून घूं-घूं येतं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाज बदलतो, गाडी सुटताना एक ‘ठक्’ होतं, आणि मिस्त्रीला गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) दोन्ही उतरवायचे आहेत. मला यात दोन वेगळे आवाज दिसतात, आणि दोघांचं कारण एकच असेल असं नाही.

गाडीला सगळे विलीज म्हणतात असंही तुम्ही लिहिलंय. पण फोटोतलं उंच बॉनेट बघता ती सीजे-३बी आहे, महिंद्राची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचं बॉनेट बसकं असतं. हा फरक आवाज शोधताना उपयोगी पडतो. तुमच्या गाडीत टी-९० गिअरबॉक्स, डाना १८ ट्रान्सफर केस आणि ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये ५.३८ चं क्राऊन-पिनियन (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी) असायला हवं. एमबीमध्ये गिअरबॉक्स टी-८४ आणि रेशो ४.८८ चा. लिलावातल्या गाडीत कोणी काय बदललंय सांगता येत नाही, म्हणून नंबर तपासून घ्या.

माझीही ३बीच आहे. तिला ३५ ते ४५ च्या दरम्यान अशीच थरथरती गुणगुण होती. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंग बदलली, दोन महिने गाडी उभी राहिली, आणि परत आली ती तोच आवाज घेऊन. शेवटी कामठीला राहणाऱ्या, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईतून निवृत्त झालेल्या एका काकांना दाखवली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला तासभर प्रश्न विचारले. “आवाज येतो कधी ते आधी सांग, कुठून ते मग बघू.” जीपचा सगळा सांगाडा लोखंडी. मागच्या पिनियनचा आवाज चेसिसमधून फिरत सीटखाली येतो आणि ट्रान्सफर केसवर आळ येतो. त्यामुळे कानावर जागा शोधायला जाऊ नका, वेळ शोधा.

सुरुवात अंगणात, उभ्या गाडीवर. चारही चाकांना दगड लावा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला. या अवस्थेत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरतो, ट्रान्सफर केस फिरत नाही. इथे घरघर आली आणि क्लच दाबल्यावर थांबली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग बघा.

आता ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये घ्या, गिअर टॉपमध्ये टाका आणि क्लच अलगद सोडा. गाडी हलणार नाही, पण ट्रान्सफर केसमधलं मधलं गिअर फिरायला लागेल. हळूहळू रेस द्या आणि लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक केसला लावून ऐका. डाना १८ चं दुखणं बहुतेक या मधल्या गिअरच्या शाफ्टवर आणि त्याच्या सुयांच्या बेअरिंगवर असतं. खरखर इथेच ऐकू आली तर अर्धी चौकशी संपली.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर चांगला ट्रान्सफर केस उगाच खोलला जाईल. डाना १८ मध्ये हाय रेंजलासुद्धा ताकद दात्यांमधूनच जाते, सरळ शाफ्टने नाही. त्यामुळे बारीक, एकसारखी गुणगुण तिच्या बांधणीतच आहे. कारखान्यातून नवी आली तेव्हाही ती असणारच. काळजी करायची ती खरखरीची, ठोक्याची आणि नव्याने वाढलेल्या आवाजाची.

मग रस्त्यावर. पहाटे निघा, रहदारी नसताना. आपल्याकडे नागपुरात बरेच रस्ते सिमेंटचे आहेत आणि लष्करी नक्षीचे जाड गोट्यांचे टायर सिमेंटवर अगदी डिफरन्शियलसारखे घुमतात. एकाच वेगाने आधी सिमेंटवर आणि लगेच डांबरावर चालवा. रस्ता बदलताच आवाज बदलला तर टायर. आवाज येतो त्या वेगावर टॉपमध्ये ऐका, मग त्याच वेगावर सेकंडमध्ये. टॉपला ताकद गिअरबॉक्समधून सरळ जाते, काउंटर शाफ्टवर भार येत नाही. आवाज दोन्हीत सारखाच असेल तर तो गिअरबॉक्सच्या मागे आहे, आणि तुमच्या मिस्त्रीचं निदान तिथेच बाद होतं. सेकंडमध्येच येत असेल तर त्याचं म्हणणं खरं असू शकतं.

भारासाठी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर चढा आणि त्याच वाटेने गिअरमध्येच उतरा. चढताना गाणारा आणि उतरताना गप्प होणारा, किंवा नेमका उलट वागणारा आवाज क्राऊन-पिनियनचा समजा. पाय अर्धवट ठेवला, ना ओढ ना रोध, आणि तेव्हाच गुरगुर आली तर पिनियनच्या बेअरिंगमध्ये ढिलाई. मोकळ्या जागी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. एखाद्या लांब कंपाउंड भिंतीला समांतर हळू चालवलीत तर चाकांकडचे ठोके भिंतीवरून परत येऊन स्वच्छ ऐकू येतात.

ठोके मोजताही येतात. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. ताशी १० किमीला चाक सेकंदाला सव्वा फेरी फिरतं आणि ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या ५.३८ पट, म्हणजे जवळजवळ सात फेऱ्या. सावकाश मोजता येणारा ठोका चाकाचा, ब्रेक ड्रमचा किंवा क्राऊनचा. मोजता न येणारी तडतड शाफ्टची. मुंगीच्या चालीने जाताना चिमणीसारखी चिवचिव आली तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस कोरडा पडलाय, ग्रीस मागतोय.

तुमच्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढचा ॲक्सल आणि पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरत असतात. म्हणून मी पहिल्यांदा पुढचा शाफ्ट काढून बाजूला ठेवायला सांगेन. तासाभराचं काम. मागच्या चाकांवर गाडी व्यवस्थित चालते. आवाज गेला तर दोष सापडला. माझा तिथेच सापडला होता. कोणीतरी ग्रीस भरताना शाफ्टचा सरकता जॉइंट काढला आणि एका दाताने चुकवून बसवला. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत हवेत. त्यासाठी शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. मातीखाली त्या दिसतच नव्हत्या. काकांनी रॉकेलच्या फडक्याने पुसल्या, एक दात फिरवला, आणि गुणगुण गेली. तुम्ही शाफ्ट सोडवायच्या आधी स्वतःची खूण करून घ्या.

पुढचा शाफ्ट परत बसवून मागचा काढायचा आणि फोर-व्हीलमध्ये फक्त पुढच्यावर जरा चालवून बघायचं, अशी उलट परीक्षाही करता येते. पण सावध. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर आहे. मागचा शाफ्ट निघाला की मागच्या चाकांना तो धरत नाही. उतारावर हे काम अजिबात करू नका. मागचे ॲक्सल शाफ्टही ओढून काढू नका. एमबीत ते चालतं, ३बीत चाकाचा आधारच जातो.

‘ठक्’ बद्दल. गाडीखाली जाऊन मागचा शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवा. क्रॉस आणि योकमध्ये हालचाल दिसली तर क्रॉस गेला. पिनियनचा योक वर-खाली हलला तर बेअरिंग किंवा मधला नट ढिला. तो वर-खाली अजिबात हलता कामा नये. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही बघा, ढिले असले तर ॲक्सल वळतो आणि असाच ठोका देतो. डांबरावर फोर-व्हील टाकून फिरत असाल तर ते थांबवा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर सगळी साखळी पिळली जाते आणि ठक्कन सुटते. पुढचे-मागचे टायर कमी-जास्त झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही पिळते.

ऑइल तर बघाच. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची पातळी वेगवेगळी तपासा, कारण एकातलं ऑइल दुसऱ्यात झिरपतं आणि एक भरलेला तर एक कोरडा सापडतो. आपल्या मे महिन्यात ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, सकाळी गप्प असलेली गाडी दुपारी बोलते. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ चं ९० घाला. जीएल-५ मधल्या गंधकाने गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात. काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. बारीक राखाडी चिखल चालेल, दाताचा तुकडा चालणार नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

एवढं करूनही बोट ट्रान्सफर केसवरच येत असेल, तर मिस्त्रीला सांगा की उतरवण्याआधी खालची प्लेट आणि केसचं खालचं झाकण काढू. गाडीत असतानाच मधल्या गिअरचे दात दिसतात आणि हाताने हलवून ढिलाई कळते. त्या शाफ्टची जाडी वेगवेगळ्या सालच्या गाड्यांत वेगळी असते, तेव्हा सुटा भाग घ्यायला जुना नग बरोबर न्या.

पुढचा शाफ्ट काढल्यावर काय झालं आणि त्याच वेगाला सेकंडमध्ये काय ऐकू आलं, एवढं इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.